शॉकअप काय जिरवतो?

दुचाकीच्या गॅरेजात ‘शॉक ॲब्सॉर्बर’ असा पूर्ण शब्द कुणी उच्चारत नाही. ‘मागचे शॉकअप बसलेत’, ‘शॉकअपचे सील गेले’, ‘शॉकअप तेल सोडतोय’ ही तिथली भाषा. छापील मराठीत याच वस्तूला ‘धक्काशोषक’ किंवा ‘आघातशोषक’ म्हणतात. पुस्तकातला शब्द गॅरेजात जात नाही आणि गॅरेजातला पुस्तकात येत नाही. मला स्वतःला ‘शॉकअप’ फार आवडतो. लांबलचक ‘ॲब्सॉर्बर’मधला पहिला ‘ॲब’ तेवढा मराठी कानाने ठेवून घेतला, त्यातल्या ब-चा प झाला, आणि ‘पिकअप’च्या पंक्तीत सहज बसेल असा ‘अप’ तयार झाला, असे मला वाटते. उत्तरेकडे त्याचा ‘शॉकर’ झाला. इंडोनेशियात डचांच्या ‘स्खोकब्रेकर’चा, म्हणजे धक्का मोडणाऱ्याचा, ‘सोकब्रेकर’ झाला. ठिकठिकाणच्या मिस्त्र्यांनी हा शब्द आपापल्या जिभेप्रमाणे तासून घेतला, ते चांगलेच झाले. माझा आक्षेप आहे तो छापील शब्दावर, कारण इंग्रजी नावात बसलेली एक चूक त्याने जशीच्या तशी उचलली आहे.

ती चूक कळायला आधी इंग्रजी नाव उलगडू. ‘शॉक’ हा रणांगणावरचा शब्द. शत्रूच्या फळीवर चाल करून गेलेले सैन्य तिच्यावर आदळते ती टक्कर म्हणजे फ्रेंचमधले ‘शॉक’. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला. विजेचा शॉक, मनाला बसलेला शॉक हे सगळे त्यानंतरचे. ‘ॲब्सॉर्ब’ लॅटिनमधून आला. त्यातले ‘सॉर्बेरे’ म्हणजे ओढून घेणे, आपण कढीचा भुरका मारतो तसे पिऊन टाकणे. म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर हा टक्कर पिणारा. मराठी शब्द घडवणाऱ्यांनी ‘पिणे’ सोडून ‘शोषणे’ घेतले. त्याच्या मुळाशी संस्कृत शुष्, म्हणजे वाळणे. शुष्क, सुकणे, घशाला पडलेला शोष, सगळे त्याच घरचे. तेव्हा धक्काशोषक हा धक्का सुकवणारा. तेलात बुडालेल्या यंत्राला हे नाव!

पण तेल आणि सुकणे यांतला विरोध हा वरवरचा झाला. खरी चूक ‘धक्का’ या अर्ध्या भागात आहे.

गाडी खड्ड्यात जाते तेव्हा धक्का खातो टायर, आणि त्याच्या मागे उभी असलेली स्प्रिंग. स्प्रिंग दबते, धक्क्याची ऊर्जा पोटात घेते, आणि लगेच परत करते. जेवढे घेतले जवळजवळ तेवढेच परत. गाडी वर उसळते, पुन्हा खाली बसते, पुन्हा वर. खड्डा मागे राहतो आणि त्याचे देणे गाडी पुढे बराच वेळ फेडत राहते. शॉकअपचे काम इथे सुरू होते. तो धक्का खात नाही, धक्क्यानंतरची ही ये-जा थांबवतो. जुने मिस्त्री बॉनेटवर दोन्ही हातांनी भार देऊन एकदम सोडतात ती याचीच परीक्षा. गाडी एकदा वर येऊन जागेवर स्थिर झाली तर शॉकअप ठीक, तीन-चार वेळा मान डोलावली तर गेला.

मराठीला हा फरक मुळात ठाऊक आहे. रस्त्यावरच्या त्रासाला आपल्याकडे एकच शब्द नाही. बाहेरून एकदाच लागतो तो धक्का. ओढल्यासारखा बसतो तो हिसका. सगळा सांगाडा खिळखिळा करतो तो हादरा. एसटीच्या मागच्या बाकावर बसणाऱ्याला माहीत असतो तो गचका. आणि या सगळ्यांहून वेगळ्या जातीचा तो हेलकावा. हेलकावा एकटा येत नाही, आपल्यामागून दुसरा घेऊन येतो. होडी हेलकावे खाते, झोपाळा हेलकावे घेतो. ‘खाणे’ काय किंवा ‘घेणे’ काय, हेलकावे नेहमी अनेकवचनात. शॉकअपचे वैर आहे ते या हेलकाव्यांशी. नावात मात्र धक्का येऊन बसला.

याला कारण इतिहास. लंडनच्या ओबडाया इलियटने १८०४ मध्ये पोलादी पाट्यांच्या लंबगोल स्प्रिंगचे पेटंट घेतले आणि बग्ग्यांचा प्रवास सुसह्य झाला. एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात, त्यामुळे हेलकावे थोडेफार आपोआप मरतात. घोड्याच्या चालीला तेवढे पुरे होते. (टांग्याच्या या पाट्यांना आपल्याकडे ‘कमान’ म्हणतात, ती फारसीतली, तिचा अर्थ धनुष्य. घड्याळातली कमानही तीच.) मोटारी आल्या, वेग वाढला, आणि पाट्यांचे घासणे अपुरे पडू लागले. फ्रान्सच्या त्रुफो या संशोधकाने कात्रीसारख्या दोन दांड्या चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्यांत आवळून एक यंत्र केले. अमेरिकेत चहा आणि किराण्याच्या मोठ्या साखळीचे मालक असलेल्या घराण्यातल्या एडवर्ड हार्टफर्डने त्याचे हक्क घेऊन विसाव्या शतकाच्या आरंभी ते विकायला काढले, ‘त्रुफो-हार्टफर्ड शॉक ॲब्सॉर्बर’ या नावाने. गिऱ्हाइकाला पाठीत बसतो तो धक्का कळतो, हेलकाव्यांचे गणित कळत नाही. नाव विकणाऱ्याने ठेवले आणि ते चिकटले. ब्रिटिश अभियंते आजही शक्यतो ‘डँपर’ म्हणतात, ते उगीच नाही.

या ‘डँपर’ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आज इंग्रजीत ‘डँप’ म्हणजे दमट. पण मूळ अर्थ वाफ, त्यातही विषारी वायू. जर्मनमध्ये ‘डाम्फ’ म्हणजे अजूनही वाफच. कोळशाच्या खाणीत साठणाऱ्या, पेट घेणाऱ्या वायूला इंग्रज खाणकामगार ‘फायरडँप’ म्हणत आणि जीव गुदमरवणाऱ्याला ‘चोकडँप’. त्यावरून ‘डँप करणे’ म्हणजे कोंडणे, विस्तव मंद करणे. मग आवाज दाबणे. पियानोत तारेवर येऊन तिचा नाद थांबवणारा लोकरी तुकडा असतो, त्याचे नाव डँपर. तारेचे थरथरणे आणि गाडीचे डोलणे यांत वेगाखेरीज फरक नाही, म्हणून तो शब्द गाडीपर्यंत सरळ आला. जर्मनीत पूर्ण नाव ‘श्टोसडेम्फर’, धक्क्याला मंद करणारा. आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतले ‘अवमंदन’ याच वाटेने गेले आहे आणि ते ‘शोषण’पेक्षा कितीतरी अचूक आहे. इथे एक मोह टाळायला हवा. ‘डँपर’ आणि ‘दमन’ कानाला सारखे लागतात, अर्थही जुळतो, पण नाते नाही. दमनातल्या दम् धातूचा इंग्रजीतला भाऊ ‘टेम’, म्हणजे माणसाळवणे. शब्दचर्चेत ध्वनीच्या भरवशावर सोयरीक जुळवली की फसगत ठरलेली.

फ्रेंच मात्र या बाबतीत सर्वांत निर्भीड. त्यांच्याकडे हे यंत्र ‘आमॉर्तिसर’, शब्दशः मारून टाकणारा. यातला ‘मॉर्त’ म्हणजे मृत्यू, आणि तो आपल्या मृत, मरण, मरणे यांचा सख्खा नातलग. दोन्हींच्या मागे एकच आदिम धातू. इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन या सगळ्या भाषांनी शॉकअपचे नाव याच मुळापासून घडवले. गंमत अशी की गृहकर्जाच्या हप्त्यांचा तक्ता बँक आपल्या हाती देते, त्याला इंग्रजीत ‘अमॉर्टायझेशन’ म्हणतात, तोही हाच शब्द. हप्त्याहप्त्याने कर्ज मारत नेणे. हेलकावाही तसाच मरतो. एका फटक्यात संपत नाही, दर खेपेला आधीच्याहून लहान होत जातो.

आणि ‘मारणे’ हा अर्थ मराठीला बिलकुल परका नाही. आमटीचा आंबटपणा मारायला आपण गूळ घालतो. चहाने भूक मरते. वैद्य धातूचे मारण करतात. कुठल्याही गुणाचा जोर घालवणे म्हणजे तो मारणे. ‘उसळी मारणे’ या प्रयोगात मात्र अर्थ नेमका उलटा, तिथे मारणे म्हणजे करणे. त्यामुळे ‘शॉकअप उसळी मारतो’ असे म्हटले तर तो उसळी घालवतो की स्वतःच उसळतो, हा घोटाळा होईल. नाहीतर मी फ्रेंचांच्या मागे जायला तयार होतो.

आणखी एक नाव विस्मृतीत गेले आहे, पण त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरी क्लॉड फॉस्टर नावाचा ट्रॉम्बोन वाजवणारा उद्योजक होता. इंजिनाच्या धुरावर चालणारा सुरेल हॉर्न त्याने काढला आणि कर्णा फुंकणाऱ्या देवदूताच्या नावावरून त्याचे नाव ‘गॅब्रिएल’ ठेवले. पुढे त्याच कंपनीने ‘स्नबर’ बनवला. गुंडाळलेला पट्टा, चाक वर येताना सैल सुटणारा आणि खाली जाताना घासून अडवणारा. ‘स्नब’ मूळचा उत्तर युरोपातला, अर्थ दटावणे. गोदीतल्या खलाशांनी तो दोराला लावला. जहाज धक्क्याला लागताना दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देतात, दोर सरकतो पण घासत घासत, आणि जहाज हिसका न बसता थांबते. त्याला ‘स्नब करणे’ म्हणत. भाऊच्या धक्क्यावर लाँच लागताना पाहिलेल्या कुणालाही हे लगेच समजेल, आणि जिथे होडी येऊन टेकते त्या जागेला मराठीत ‘धक्का’च म्हणतात हेही जाणवेल. माझ्या मते शॉकअपला इंग्रजीत मिळालेल्या नावांत हे सर्वांत खरे होते, कारण ते घासण्याची क्रिया दाखवत होते. ते टिकले नाही, गॅब्रिएल हे नाव टिकले. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत मुलुंडला शॉकअप बनू लागले. आता चाकणला आणि नाशिकलाही बनतात. अरबीत ज्याला जिब्रील म्हणतात त्या देवदूताचे नाव असे आपल्या स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ येऊन पोचले.

त्रुफोच्या चकत्या काय किंवा फॉस्टरचा पट्टा काय, दोन्ही कोरड्या घर्षणावर चालत. कोरड्या घर्षणात एक जन्मजात दोष असतो. वस्तू स्थिर असताना ते सर्वांत जास्त अडवते आणि एकदा सुटली की अडवणे कमी करते. त्यामुळे बारीक खडबडीवर स्प्रिंग हलतच नाही, सगळी थरथर बसणाऱ्याच्या अंगात जाते; आणि मोठा खड्डा आला की नको तेव्हा सैल पडते. तेलाचा स्वभाव याच्या बरोबर उलट. हळू ढकलले तर वाट देते, जोरात ढकलले तर जोरात अडवते. फ्रान्सच्या मॉरिस हूदाय यांनी १९०८ च्या सुमारास तेलावरच्या शॉकअपचे पेटंट घेतले आणि या क्षेत्राचे रूप बदलले.

तेलाचे, म्हणजेच ‘हायड्रॉलिक’. हा शब्द पाहून अभियंत्याला पंप आठवतो, पण तो जन्मला वाद्य म्हणून. ग्रीक ‘हुदोर’ म्हणजे पाणी (आपले ‘उदक’ आणि ‘समुद्र’ त्याचे भाऊबंद) आणि ‘औलोस’ म्हणजे पावा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओसने ‘हुद्रावलिस’ हे पाण्याचे वाद्य केले. त्यात पाणी वाजत नसे. हातपंपाने भरलेली हवा गचके देत नळ्यांत जाऊ नये, दाब एकसारखा राहावा, एवढ्यासाठी ते हवेखाली भरलेले असे. म्हणजे या शब्दाच्या पहिल्याच जन्मात द्रवाने जे काम केले ते चढउतार सपाट करण्याचे! बावीसशे वर्षांनंतर तोच शब्द शॉकअपला लागला, तेव्हा कुणाला हे आठवले असेल असे वाटत नाही.

पाण्याच्या जागी तेल आले, तेही नावापुरतेच मूळचे. मराठी ‘तेल’ म्हणजे ‘तैल’, तिळाचे. इंग्रजी ‘ऑइल’ म्हणजे ऑलिव्हचे. प्रत्येकाने आपल्या शेतातल्या बियाफळाचे नाव दिले, आणि आता दोन्ही शब्द जमिनीखालून काढलेल्या खनिज तेलाला लागतात. शॉकअपच्या नळीत त्या तेलातून वरखाली करतो तो दट्ट्या. शाळेच्या पुस्तकातला हा शब्द फार चांगला, आवाजातच दाबणे असलेला. गॅरेजात मात्र पिस्टन, आणि तोही पाहुणा नाही. इटालियन ‘पेस्तारे’, कुटणे, त्यामागे लॅटिन ‘पिन्सेरे’, आणि त्याचा संस्कृत जोडीदार पिष्. पिष् वरून पिष्ट, पिष्टावरून पीठ. जात्याखालचे पीठ आणि नळीतला पिस्टन एका कुळातले आहेत. पिस्टनला असतात भोके, भोकांवर पातळ पोलादी चकत्या. मिस्त्री त्यांना ‘वायसर’ म्हणतात. तेलाचा दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट मोकळी करतात. ही झाली झडप, म्हणजेच व्हॉल्व्ह. ‘व्हॉल्व्ह’ हा लॅटिनमधला दाराचा पाखा, आणि मराठीतही खिडकीच्या झडपेवरूनच पंपाची आणि हृदयाची झडप झाली. दोन भाषांना स्वतंत्रपणे तेच दार दिसले.

यापुढे प्रश्न ही अडवणूक कमीजास्त करण्याचा. एकटा स्वार आणि मागे दोघे बसलेला स्वार, थंडीत घट्ट झालेले तेल आणि उन्हाळ्यात पातळ झालेले, डांबरी रस्ता आणि पाणंद, या सगळ्यांना एकच शॉकअप कसा पुरेल? १९२७ च्या अखेरीस फोर्डने ‘मॉडेल ए’ बाजारात आणली, तेव्हा स्वस्त गाडी असूनही तिच्या चारही चाकांना हूदाय पद्धतीचे शॉकअप होते. आत ग्लिसरीन, आणि बाहेरून फिरवता येणारी एक टोकदार सुई. सुई आत गेली की द्रवाची वाट अरुंद, बाहेर आली की रुंद. आजच्या महागड्या मोटारसायकलींच्या शॉकअपवर ‘क्लिक’ मोजत फिरवायचा जो स्क्रू असतो त्याच्या टोकाशी बहुधा हीच सुई असते. मधल्या काळात लोकांनी ती चालकाच्या हातात नेऊन ठेवली. १९३६ च्या रोल्स-रॉइस फँटम थ्रीमध्ये स्टीअरिंगवरच शॉकअप कडक-मऊ करण्याची कळ होती.

अशा शॉकअपला इंग्रजीत ‘ॲडजस्टेबल’ म्हणतात आणि छापील मराठीत ‘समायोज्य’. या जोडीने मला खरा आनंद दिला. ‘ॲडजस्ट’मध्ये ‘जस्ट’, म्हणजे न्याय्य, दिसतो. पण ती फ्रेंच पंडितांनी मागाहून केलेली दुरुस्ती. मूळ लॅटिन ‘युक्स्ता’, जवळ, लगत. ॲडजस्ट करणे म्हणजे जवळ आणणे. ‘युक्स्ता’चे मूळ जोडणे या अर्थाच्या धातूत, आणि त्याचे संस्कृत रूप युज्. युज् वरून योग, योजना, बैलांच्या मानेवरचे जू, आणि सम् व आ लागून समायोजन. म्हणजे भाषांतर करणाऱ्याने नकळत त्याच धातूकडे बोट नेले. आणि मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ‘जरा ॲडजस्ट करा’ म्हणतात, तेव्हा समोरचे तिघे एकमेकांजवळ सरकतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ ठाणे-दादर प्रवासात जिवंत आहे, इंग्लंडमध्ये तो कधीच विसरला गेला.

ॲडजस्ट करण्याच्या शब्दांत मात्र सापळे फार आहेत, आणि ते इथे सांगितलेच पाहिजेत. मोटारसायकलच्या मागच्या स्प्रिंगखाली खाचांचे कडे असते. पान्याने ते फिरवून ‘शॉकअप टाइट केला’ म्हणतात. प्रत्यक्षात टाइट झाली स्प्रिंग, तिला आधीच थोडे दाबून ठेवले. तेलाला हातही लागलेला नाही. हेलकावे पूर्वीइतकेच. दुसरा सापळा ‘गॅसवाला शॉकअप’. बजाजच्या पल्सरमुळे ‘नायट्रॉक्स’ हे नाव महाराष्ट्रातल्या तरुणांच्या तोंडी बसले. त्यातला नायट्रोजन हेलकावे अडवतो अशी समजूत आहे. अडवते तेलच. जोरात वरखाली झाल्यावर तेलात पोकळ्या पडून फेस होतो, आणि फेसातून पिस्टन रिकाम्यासारखा जातो. नायट्रोजन तेलावर दाब ठेवून तो फेस होऊ देत नाही. फ्रेंच अभियंते क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ही रचना पक्की केली, आणि बिलश्टाइन या जर्मन कंपनीने ती १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांपर्यंत नेली.

तिसरा सापळा सर्वांत फसवा. भारी शॉकअपवर ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ असे दोन वेगळे स्क्रू असतात. वाचणारा समजतो, एक गावातल्यासाठी, एक द्रुतगती मार्गासाठी. तो वेग गाडीचा नव्हे, पिस्टनचा. शंभरच्या वेगाने लांबट उंचवट्यावरून गेलेल्या गाडीचा पिस्टन सावकाश हलतो, म्हणजे ‘लो स्पीड’. आणि पंधराच्या वेगाने खड्ड्याच्या धारदार काठावर आदळलेल्या स्कूटरचा पिस्टन सपकन आत जातो, तो ‘हाय स्पीड’. मराठीत ‘संथ’ आणि ‘सपाट्याचा’ असे दोन शब्द ठेवले तर हा घोटाळा होणारच नाही, कारण ते हालचालीचे शब्द आहेत, गाडीचे नव्हेत.

तसेच ‘कम्प्रेशन’ आणि ‘रिबाउंड’. पहिल्याला ‘दाब’ पुरेसा आहे. दुसऱ्याला मी ‘उसळी’ म्हणेन. ‘रिबाउंड’चा फ्रेंच मूळ अर्थ घुमणे, प्रतिध्वनी, उडी मारणे नंतर आले. ‘उसळणे’ संस्कृत ‘उच्छल्’चे, आणि त्यात वर उडणे पहिल्यापासून आहे. चांगल्या शॉकअपमध्ये उसळीची अडवणूक दाबापेक्षा बरीच जास्त ठेवतात. खड्ड्याचा दाब स्प्रिंगला मोकळेपणी घेऊ द्यायचा आणि तिने परत फेकलेली उसळी आवरायची.

मग आवरलेली ती ऊर्जा जाते कुठे? तेल बारीक वाटेने रेटले जाते, थरांवर थर घासतात, तेल तापते. कात्रजचा घाट उतरून किंवा खडी टाकलेल्या वाटेने दूर आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावला तर ती कोमट, कधी चांगली गरम लागते. शर्यतीच्या गाड्यांत शॉकअपला बाहेर तेलाची वेगळी टाकी जोडतात आणि तिच्यावर उष्णता झटकणारे पंख असतात, ते यासाठी. यंत्र काही शोषून साठवत नाही. हेलकाव्याची उष्णता करते.

याला मराठीत क्रियापद आहे: जिरवणे. शोषणे, मुरणे आणि जिरणे हे सारखे नाहीत. कापूस पाणी शोषतो, पिळले की परत देतो. लोणचे मुरते, मुरलेले आतच राहते, चवीला लागते. जिरलेले मात्र रूप बदलून जाते. अन्न जिरते. चढेल माणसाची मस्ती जिरते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रातल्या भिंतीभिंतीवर होती. त्यातही आधी अडवणे आणि मग जिरवणे, हा क्रम बरोबर शॉकअपचा आहे. आणि आपल्या परंपरेत जिरवण्याचे काम अग्नीचे, जठराग्नीचे. उष्णतेचा संबंध या क्रियापदाच्या आत आधीपासून बसलेला आहे. फार तापून तेल पातळ झाले आणि शॉकअप काम करेनासा झाला, तर त्याला अजीर्ण म्हणायलाही हरकत नाही.

म्हणून माझे मत असे की नाम म्हणून ‘शॉकअप’ छापायला लाजू नये, आणि त्याचे काम सांगताना ‘शोषणे’ सोडून द्यावे. ‘शॉकअपमधले तेल उसळी जिरवते’ हे वाक्य आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळते आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यात एक अक्षर चुकीचे नाही.

जिरणे ज्या जॄ धातूवरून आले त्याचा दुसरा अर्थ झिजणे, जुने होणे. जीर्ण मंदिर, जीर्णोद्धार. दोन्ही अर्थ शॉकअपला एकदम लागू पडतात. उसळी जिरवता जिरवता झडपा आणि सील झिजतात, अडवणूक सैल पडत जाते. हॉलंडच्या आउड-बेइयरलांड गावातली कोनी ही शॉकअपची कंपनी १८५७ ची, घोडागाडीच्या काळातली. तिच्या नावात डच ‘कोनिंग’, म्हणजे राजा, दडलेला आहे, कारण संस्थापकाचे आडनाव द कोनिंग. कोनीच्या जुन्या शॉकअपमध्ये स्क्रू बाहेर नसतो. शॉकअप गाडीवरून उतरवायचा, दांडा पूर्ण आत दाबायचा, हळू फिरवत तळाच्या झडपेच्या खाचेत अडकेपर्यंत थांबायचे, आणि मग घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडे थोडे आवळायचे. ही सोय स्वाराच्या आवडीनिवडीसाठी होतीच, पण मुख्य हेतू झीज भरून काढण्याचा होता. हजारो मैल चालून जीर्ण झालेला शॉकअप फेकून न देता, अर्धा फेरा आवळून, पुन्हा कामाला लावण्याचा.